न प्रसवतां फुटलेला पान्हा

पुण्याहून पौडच्या वाटेनें निघालें कीं चांदणी चौकापलीकडे भूगाव लागतें. आज तेथें उंच इमारती उभ्या आहेत. परंतु मुळशीच्या जुन्या लोकांस गोठ्यांतली एक युक्ति ठाऊक असेल. म्हशीचें रेडकूं दगावलें, तर त्याच्या कातड्यांत पेंढा भरून तें तिच्यापुढें ठेवीत. ती तें चाटी आणि पान्हा सोडी. बिचारीची फसवणूकच ती! पण दूध केवळ शरीरांत सांठत नाहीं, त्याला बोलवावें लागतें, हें गवळ्यानें ओळखलें होतें.

सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानांतही अपत्याच्या स्पर्शानें, दर्शनानें, नुसत्या स्मरणानेंही दूध स्रवतें आणि अखंड स्नेह हें त्याचें कारण, असें सांगितलें आहे.

परक्या मुलास दूध पाजणारी आपल्या इतिहासांतील प्रसिद्ध स्त्री म्हणजे कापूरहोळची धाराऊ गाडे. १६५७ सालीं पुरंदरावर जन्मलेल्या संभाजीराजांस तिनें वाढविलें. १६५९ त सईबाई निवर्तल्या. धाराऊ मात्र स्वतः लेकुरवाळी होती. जी कधीं प्रसवलीच नाहीं तिला पान्हा फुटेल काय?

मार्गारेट मीड या विदुषीनें १९३५ सालच्या आपल्या ग्रंथांत न्यू गिनीमधील मुंडुगुमोर स्त्रियांविषयीं लिहिलें, कीं दत्तक मुलास वारंवार स्तनाशीं लावून मूल न झालेल्या स्त्रियाही कांहीं आठवड्यांत त्यास पाजूं लागत. याचें मर्म मस्तकाच्या तळाशीं असलेल्या वाटाण्याएवढ्या पीयूषिका ग्रंथींत आहे. तिच्या मागील भागाच्या अर्कानें शेळीचें दूध बाहेर येतें, हें ऑट व स्कॉट यांनीं १९१० त दाखविलें. १९२८ त स्ट्रासबर्ग येथें स्ट्रिकर व ग्रूटर यांना पुढील भागाच्या अर्कानें सशांत दूध निर्माण करतां आलें. एक स्राव दूध बनवितो, दुसरा तें सोडवितो. दोघांनाही बाळाच्या चोखण्यानें चेतना मिळते. गर्भाशयाची त्यांत गरज नसते. गर्भारपण स्तनांतील ग्रंथींची पूर्वतयारी करून ठेवतें, इतकेंच.

विसाव्या शतकाच्या अखेरीस कॅनडांतील डॉ. जॅक न्यूमन व लेनोर गोल्डफार्ब यांनीं ही तयारी औषधांनीं साधली: कांहीं महिने गर्भनिरोधक गोळ्या व डोम्पेरिडोन, मग गोळ्या थांबवून पंपानें दूध काढणें. भूगावच्या एखाद्या इमारतींत आज दत्तक बाळ आणणारी स्त्री हें करूं पाहील. पण तिला थायरॉईडची न्यूनता वा अंडाशयांत पुष्कळ पुटकुळ्या असण्याचा विकार असेल, तर आधीं तो विकार वैद्याकडून आटोक्यांत आणावा. हा दुसरा विकार १९३५ त शिकागोच्या स्टाइन व लेव्हेंथाल यांनीं वर्णिला. त्यांत कोणास दूध भरपूर येतें, कोणास फार थोडें. गोळ्यांनीं रक्ताची गांठ होण्याचा धोका वाढतो. रक्तदाब असलेल्या स्त्रीनें त्या मनानें घेऊं नयेत. डोम्पेरिडोन हृदयाचा ताल बिघडवूं शकतें. अमेरिकन औषध-प्रशासनानें २००४ सालीं दूध वाढविण्यासाठीं तें वापरण्याविरुद्ध इशारा दिला. शेजारणीच्या चिठ्ठीवर हीं औषधें आणणें म्हणजे जिवाशीं खेळ.

आणि पुष्कळदां पुरेसें दूध येतच नाहीं. त्यावरून घरांतील मंडळी आईपण मोजूं लागतात, हें मला फार कटु वाटतें. थोडें दूध आलें तर उरलेलें वरचें दूध बारीक नळीनें स्तनाशींच पाजतां येतें. बाळ चोखीत राहतें. मुदतीपूर्वीं जन्मलेल्या, आजारी अर्भकांसाठीं शीवच्या रुग्णालयांत डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनीं १९८९ सालीं आशियांतील पहिली मानवी दुग्धपेढी काढली. तेथें धाराऊंचें दूध बाटल्यांतून, निर्जंतुक होऊन, अनोळखी बाळांस पोहोंचूं लागलें.