सॅली राइड आणि दोन चौकशा

कोणत्याहि कर्तबगार व्यक्तीच्या नांवामागें 'पहिली' हें विशेषण एकदां लागलें कीं, लोक त्या विशेषणावरच समाधान मानतात आणि त्या व्यक्तीकडे निरखून पाहण्याचें सोडून देतात. सॅली राइड या अमेरिकन विदुषीच्या बाबतींत असेंच झालें आहे. अंतराळांत जाणारी पहिली अमेरिकन स्त्री, एवढें शाळकरी मुलांनाहि पाठ असतें. आणि तेंहि पुष्कळदां अर्धवट पाठ असतें, कारण रशियाची व्हॅलेंतिना तेरेश्कोवा ही तिच्याआधीं वीस वर्षें, म्हणजे १९६३ सालींच, अंतराळांत जाऊन आली होती, व १९८२ सालीं स्वेतलाना सावित्स्काया हीहि गेली होती. आमच्या मतें राइडबाईंचें खरें ऐतिहासिक महत्त्व त्यांच्या उड्डाणांपेक्षां, दोन भीषण अपघातांच्या चौकशीमंडळांवर त्यांनीं जें काम केलें त्यांत अधिक आहे. त्या दोन्ही मंडळांवर बसलेली व्यक्ति त्यांच्यावांचून दुसरी नाहीं.

सॅलीचा जन्म २६ मे १९५१ रोजीं लॉस अँजेलिस येथें झाला. वडील एका महाविद्यालयांत राज्यशास्त्राचे अध्यापक. आई तुरुंगांतील स्त्रियांसाठीं स्वयंसेविका म्हणून काम करी. घरांत विज्ञानाची परंपरा मुळींच नव्हती. मुलीला वेड होतें तें टेनिसचें, आणि तें इतकें कीं, स्वॉर्थमोर येथील कॉलेज मध्येंच सोडून ती खेळासाठीं कॅलिफोर्नियास परतली. पुढें विद्येची ओढ बलवत्तर ठरली व ती स्टॅनफर्ड विद्यापीठांत दाखल झाली. १९७३ सालीं तेथें तिनें एकदमच दोन पदव्या मिळविल्या, एक पदार्थविज्ञानाची आणि दुसरी इंग्रजी वाङ्मयाची. शेक्सपिअर शिकविण्यांत ज्याचीं तीस वर्षें गेलीं त्या प्रस्तुत लेखकास या दुसऱ्या पदवीचें अंमळ अधिक कौतुक वाटलें, तर वाचक क्षमा करतील. डॉक्टरेटसाठीं मात्र तिनें पदार्थविज्ञानच निवडलें. ताऱ्यांच्या मधल्या अवकाशांत जो विरळ वायु व धूळ पसरलेली असते, तिच्यांतून क्ष-किरण जातांना त्यांचें काय होतें, हा तिच्या अभ्यासाचा विषय होता.

हा अभ्यास संपत आला असतां १९७७ सालीं विद्यार्थ्यांच्या दैनिकांत तिला एक बातमी दिसली. नासा ही अमेरिकेची सरकारी अंतराळसंस्था नव्या उमेदवारांच्या शोधांत होती, आणि स्त्रियांनींहि अर्ज करावेत असें तिचें म्हणणें होतें. तोंपर्यंत अमेरिकेचे अंतराळवीर बहुतेक वैमानिक, आणि एकजात पुरुष. परंतु पुनःपुन्हां वापरतां येणारें 'शटल' हें नवें यान तयार होत होतें. त्यांत यान हांकणारांखेरीज प्रयोग करणाऱ्या शास्त्रज्ञांसहि जागा होती. आठ हजारांवर अर्ज आले. जानेवारी १९७८ मध्यें ३५ जणांची निवड झाली. त्यांत सहा स्त्रिया होत्या. सॅली राइड ही एक, आणि ज्युडिथ रेझनिक ही दुसरी. रेझनिकचें नांव पुढें पुन्हां येणार आहे.

१८ जून १९८३ रोजीं 'चॅलेंजर' यानांतून राइडबाईंनीं पहिलें उड्डाण केलें. त्यापूर्वीं वृत्तपत्रांच्या प्रतिनिधींनीं त्यांना जे प्रश्न विचारले ते आज वाचतांना शरम वाटते. यंत्रांत कांहीं बिघडलें तर तुम्हांला रडूं येतें काय, असें एकानें विचारलें. 'हा प्रश्न माझ्या सोबत्याला कां नाहीं विचारीत?' अशा अर्थाचें उत्तर त्यांनीं शेजारीं बसलेल्या रिक हॉक यांच्याकडे पाहून हंसत दिलें. संस्थेंतील एंजिनिअरांनीं तर स्त्री-अंतराळवीरांसाठीं एक खास शृंगारपेटीहि तयार करविली होती! यानाबाहेर जो लांब यांत्रिक हात असतो तो चालविण्यांत बाईंचा हातखंडा होता, व त्या हाताच्या जडणघडणींतहि त्यांनीं भाग घेतला होता. पहिल्या फेरींत या हातानें एक उपग्रह मोकळा सोडून पुन्हां पकडण्यांत आला. ऑक्टोबर १९८४ मधील दुसऱ्या फेरींत एका उपग्रहाचा सूर्यपंखा थंडीनें आखडून उघडेना. तेव्हां बाईंनीं त्या यांत्रिक हातानें उपग्रहाला गदगदां हलवून व उन्हांत धरून तो मोकळा केला. गोष्ट लहानशी. पण थंडीनें यंत्राचा एखादा सांधा कसा दगा देतो याची ती एक प्रकारें पूर्वसूचनाच म्हणावयाची.

तिसऱ्या फेरीची तयारी चालू असतांनाच २८ जानेवारी १९८६ हा दिवस उजाडला. 'चॅलेंजर' आकाशांत चढल्यापासून अवघ्या ७३ सेकंदांत फुटून गेलें व सातहि प्रवासी मृत्युमुखीं पडले. त्यांत बाईंच्या १९७८ च्या तुकडींतील चौघे होते : स्कोबी, ओनिझुका, लेझरशास्त्रज्ञ रॉनल्ड मॅकनेअर, आणि ज्युडिथ रेझनिक. राष्ट्राध्यक्षांनीं विल्यम रॉजर्स यांच्या अध्यक्षतेखालीं चौकशीमंडळ नेमलें व राइडबाईंना त्यावर घेतलें. त्यांची स्थिति मोठी नाजुक होती. चौकशी ज्या संस्थेची करावयाची, तिच्याच त्या नोकर. नोकरींत असलेला दुसरा अंतराळवीर त्या मंडळावर नव्हता.

आतां थोडें यंत्राविषयीं. यानाच्या दोहों बाजूंस घन इंधनाचे दोन प्रचंड अग्निबाण असत. हे अग्निबाण तुकड्यातुकड्यांनीं जोडलेले असून, सांध्यांतून आंतला तप्त वायु बाहेर फुटूं नये म्हणून प्रत्येक सांध्यांत रबराचीं दोन कडीं बसविलेलीं असत. घरच्या नळांतला वायसर आठवावा; मात्र हें कडें सुमारें बारा फूट व्यासाचें आणि पाव इंचाहून किंचित् जाड. इंधन पेटतांच दाबानें सांधा क्षणभर किंचित् फांकतो. त्याच क्षणीं रबरानें फुगून ती फट बुजवावयास हवी. रबर गार पडलें कीं, तें सुस्त होतें. त्या सकाळीं उड्डाणाच्या वेळीं उष्णतामान ३६ अंश फॅरनहाइट होतें. त्यापूर्वींचें सर्वांत थंड उड्डाण ५३ अंशांवर झालेलें होतें. अग्निबाण बनविणाऱ्या मॉर्टन थायोकोल कंपनीच्या एंजिनिअरांनीं आदल्या रात्रीं टेलिफोनवरून उड्डाण करूं नका म्हणून विनविलें होतें. परंतु नासाच्या अधिकाऱ्यांची नाराजी पाहतांच कंपनीच्या वरिष्ठांनीं आपल्याच माणसांचा सल्ला फिरविला. ही सारी हकीकत मंडळापुढें यावयाची होती, आणि ती सहजासहजीं येत नव्हती.

एके दिवशीं मंडळाचे एक सभासद, हवाई दलाचे जनरल डोनल्ड कुटिना, राइडबाईंबरोबर चालत होते. बाईंनीं वही उघडली, एक कागद काढून त्यांच्या हातीं दिला आणि एक शब्दहि न बोलतां त्या निघून गेल्या. कागदावर दोन रकाने होते : एकांत उष्णतामान, दुसऱ्यांत त्या उष्णतामानास रबरी कड्याची लवचिकता. कुटिनांना अर्थ तत्काळ उमगला. पण हा कागद कोठून आला तें सांगितलें तर देणारीवर व तिला तो पुरविणारांवर गदा येणार! म्हणून त्यांनीं मंडळावरील प्रख्यात पदार्थशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांना घरीं जेवावयास बोलाविलें, गॅरेजमधील जुनी मोटार दाखविली, आणि थंडींत कार्ब्युरेटरचीं रबरी कडीं गळतात असें सहज सुचविलें. ११ फेब्रुवारी रोजीं भर बैठकींत फाइनमननीं त्या रबराचा तुकडा चिमट्यांत दाबून बर्फाच्या पाण्यांत बुडविला व तो लवकर पूर्वस्थितीवर येत नाहीं हें साऱ्या जगाला दाखविलें. एका पेल्यानें जें काम झालें, तें शेंकडों पानांच्या साक्षींनीं झालें नसतें.

इतिहासाच्या अभ्यासकानें येथें थोडें थांबलें पाहिजे. कागदाची ही गोष्ट कुटिनांनीं बाईंच्या मृत्यूनंतर उघड केली. म्हणजे तिला साक्षीदार एकच, आणि तोहि उशिरां बोललेला. मग ती खरी कशावरून? आम्हांस ती खरी वाटते, याचें कारण असें कीं, १९८८ सालीं प्रसिद्ध झालेल्या फाइनमनच्या आठवणींतहि कुटिनांना ही माहिती एका अंतराळवीराकडून मिळाल्याचा उल्लेख आहे; नांव मात्र नाहीं. चोवीस वर्षांच्या अंतरानें आलेल्या या दोन साक्षी एकमेकींशीं अचूक जुळतात. फाइनमनच्या पेल्याची कीर्ति जगभर झाली, आणि जिच्या वहींतून तो पेला निघाला ती बाई त्या कीर्तींत वांटा मागावयास कधीं पुढें आली नाहीं.

दुसरी एक गोष्ट मात्र उघडपणें घडली. आदल्या रात्रीं उड्डाणास विरोध करणाऱ्यांपैकीं रॉजर बॉइस्जोली या एंजिनिअरानें मंडळापुढें खरें सांगितलें. आणि त्याचा परिणाम असा झाला कीं, त्याचेच सहकारी त्याला टाळूं लागले. साक्ष झाल्यावर राइडबाईंनीं सर्वांदेखत त्याला मिठी मारली. मितभाषी व कोणाच्या फार जवळ न जाणारी अशी त्यांची ख्याति. त्यामुळें तर त्या मिठीचें मोल अधिक. आपल्याला उघड आधार देणारें तेवढेंच एक माणूस होतें, असें बॉइस्जोलीनें पुढें सांगितलें आहे.

१९८७ सालीं त्यांनीं नासा सोडली. जातांजातां त्यांनीं संस्थेच्या भवितव्याविषयीं एक अहवाल लिहिला. चंद्र-मंगळाच्या शर्यतीआधीं आपल्या पृथ्वीचा अभ्यास करा, असा त्याचा एकंदर रोंख होता. १९८९ पासून त्या सॅन डिएगो येथें पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापिका झाल्या, आणि मुलींना विज्ञानाची गोडी लागावी म्हणून २००१ सालीं त्यांनीं एक संस्थाहि काढली. आयुष्याचा उरलेला काळ अध्यापनांत सुखानें जावयाचा. परंतु १ फेब्रुवारी २००३ रोजीं 'कोलंबिया' यान परततांना जळून मोडलें. त्यांत जे सात जण गेले त्यांत आपल्या कर्नालची कल्पना चावला होती. वर जातांनाच फेसाचा एक तुकडा सुटून डाव्या पंखावर आदळला होता. एंजिनिअरांनीं पंखाचीं छायाचित्रें घेण्याची मागणी केली, आणि वरिष्ठांनीं ती मानली नाहीं. राइडबाई पुन्हां चौकशीमंडळावर आल्या. आपल्याला कसला तरी प्रतिध्वनि ऐकूं येत आहे, असें त्या एका बैठकींत म्हणाल्या. त्या ऑगस्टमध्यें निघालेल्या अहवालानें त्या फेसाच्या तुकड्याइतकाच दोष संस्थेच्या वहिवाटीला दिला. सतरा वर्षांपूर्वीं एकदां सांगून झालेलेंच पुन्हां सांगण्याचें हें काम त्यांना किती जड गेलें असेल याची कल्पनाच केलेली बरी.

२३ जुलै २०१२ रोजीं, वयाच्या ६१ व्या वर्षीं, त्या कर्करोगानें निवर्तल्या. टॅम ओ'शॉनेसी ही बालपणींची टेनिसमधील मैत्रीण सत्तावीस वर्षें त्यांची सहचारिणी होती, हें जगाला त्यांच्या मृत्युवार्तेंतूनच कळलें. पुढील वर्षीं राष्ट्राचें सर्वोच्च नागरी पदक त्यांना मरणोत्तर देण्यांत आलें, तेव्हां तें स्वीकारावयास ओ'शॉनेसीच गेल्या.