चित्रकलेचे मास्तर आणि हंगामी खुर्ची

वसईच्या किल्ल्यातील पडक्या चर्चांच्या दर्शनी भिंतींवरची दगडी वेलबुट्टी आपणापैकी बहुतेकांनी पाहिली असेल. ती कोरणाऱ्यांची नावे आज कोणास ठाऊक नाहीत. पण ती विद्या त्यांना कशी मिळाली असेल, हे सांगावयास पंडित नको. उस्तादाची छिन्नी चालली आहे आणि पोरगा शेजारी बसून पाहतो आहे, अशाच रीतीने हातांची विद्या पिढ्यान् पिढ्या पुढे गेली. शिकविणाऱ्याचा हात स्वतः चालता असला पाहिजे, ही तिची पहिली अट. आम्ही कॉलेजात शिकलो नाही. कामगारांच्या सभांत आणि वाचनालयांत शिकलो. म्हणून ही अट आम्हांस विशेष पटते.

इंग्रजी अमलात मुंबईस या विद्येची शाळा निघाली. सर जमशेटजी जीजीभॉय यांनी १८५३ साली तीसाठी एक लाख रुपये देऊ केले आणि १८५७ साली वर्ग सुरू झाले. १८६५ साली तेथे शिकविण्यास आलेले जॉन लॉकवुड किपलिंग हे स्वतः शिल्पकार. क्रॉफर्ड मार्केटच्या दारावरील शिल्पे त्यांची. पुढे जॉन ग्रिफिथ्स यांनी विद्यार्थ्यांना अजिंठ्यास नेऊन लेण्यांतील चित्रांच्या नकला करविल्या. व्हिक्टोरिया टर्मिनसच्या कोरीव कामासही याच शाळेतील मुलांचे हात लागले. आपण वसई-विरारकर मुंबईस गेलो की त्या इमारतीकडे मान वर करून पाहतो. पण तेथे शिकाऊ पोरे राबली, हे थोड्यांच्याच ध्यानी येते.

या शाळेत १८९० साली कोल्हापूरचा एक तरुण दाखल झाला. त्याचे नाव महादेव विश्वनाथ धुरंधर. विद्यार्थी म्हणून आलेले धुरंधर तेथेच मास्तर झाले आणि १९३१ पर्यंत राहिले. 'कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे' हे आपल्या आठवणींचे पुस्तक त्यांनी १९४० साली प्रसिद्ध केले. पण ते नुसते मास्तर नव्हते. पौराणिक प्रसंग, रस्त्यावरची माणसे, पुस्तकांतील चित्रे, पोस्टकार्डे, असे नाना प्रकारचे काम त्यांच्या कुंचल्यातून सतत उतरत होते. वर्गातील मुलास जे मास्तर रेघ कशी ओढावी ते सांगत, त्यांचीच रेघ त्यास बाजारात छापून आलेली दिसे. यापरते दुसरे कोणते पाठ्यपुस्तक हवे?

आता कामगार चळवळीतील माणसाच्या नजरेस जे खुपते ते सांगतो. एवढ्या सेवेनंतर, निवृत्तीच्या सुमारास, धुरंधरांना शाळेच्या संचालकाची खुर्ची मिळाली; पण ती हंगामी. त्या खुर्चीवर बसणारे ते पहिले हिंदी गृहस्थ, याचा अभिमान अवश्य धरावा. परंतु गिरणीत वर्षानुवर्षे काम करून बदली कामगार राहिलेला माणूस ज्याने पाहिला आहे, त्याला 'हंगामी' हा शब्द सहज गिळता येत नाही.

परकी राज्य गेले. तो शब्द मात्र वेष पालटून राहिला. शिक्षणहक्काचा २००९ चा कायदा आपण मोठ्या आनंदाने स्वीकारला. सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभरावर मुले असतील, तर कलाशिक्षणास अंशकालीन निदेशक असावा, असे त्याच्या अनुसूचीत लिहिले आहे. गणितास शिक्षक, चित्रकलेस निदेशक, आणि तोही अंशकालीन!

कोणी म्हणेल, यात वाईट काय? चित्रकाराला स्वतःच्या चित्रांसाठी वेळ हवाच. हवा, हे खरे. पण मोकळा वेळ वेगळा आणि अपुरी भाकरी वेगळी. धुरंधरांना महिन्याचा पगार होता, म्हणून शाळा सुटल्यावर ते कुंचला हाती घेऊ शकले. ज्याला तासांच्या हिशेबाने पैसे मिळतात तो उरलेला दिवस दुसरे तास शोधण्यात घालवितो. अशा माणसाचा हात चालता कसा राहावा? आणि ज्याचा हात थांबला, त्याच्याजवळ बसून मुलाने काय पाहावे?

तेव्हा श्रोतेहो, आपल्या मुलांच्या शाळेत पालकांची सभा भरेल तेव्हा एवढेच विचारा: आमचे चित्रकलेचे मास्तर कायम आहेत काय, आणि त्यांनी काढलेले एखादे चित्र शाळेच्या भिंतीवर आहे काय? हे दोन्ही प्रश्न एकाच दमात विचारले पाहिजेत.