कचारगडची शिळा

माउली, माघी एकादशीला आपण पंढरीत असतो. चार दिवसांनी, पौर्णिमेला, आमच्या गोंदिया जिल्ह्यात सालेकसा तालुक्यातल्या कचारगडच्या गुहेकडे गोंड भाविकांची रीघ लागते. छत्तीसगड, मध्य प्रदेश, तेलंगणातूनही माणसे येतात. भेटल्यावर 'जय सेवा' म्हणतात.

नागपूरचे डॉ. मोतीरावण कंगाली यांनी ही परंपरा ग्रंथांत नोंदवली. कथा अशी : कली कंकालीची ३३ द्वाड मुले शंभूने गुहेत कोंडली, तोंडावर शिळा लावली. जंगो रायतडचा जीव कळवळला. पारी कुपार लिंगोच्या सांगण्यावरून हिरासुका पाटालीरने किंगरी वाजवली. त्या सुरांनी मुलांच्या अंगी बळ आले, शिळा सरकली, मुले सुटली. वाजवणारा मात्र शिळेखाली गेला. ग्रीकांच्या कथेतही ऑर्फियसच्या वाद्याने दगड हलतात, पण तिथे वादक असा दगडाखाली जात नाही.

पन्नास वर्षे कीर्तनाला उभा राहिलो. दरेकसा स्टेशनावरून कितीदा गेलो, उतरलो नाही. ही कथा एकदाच दृष्टांताला घेतली, तीही कोंडणाऱ्याचे नाव गाळून. श्रोत्यांना खटकेल, ही भीती. कीर्तन संपल्यावर एक गोंड म्हातारबा पाया पडून म्हणाले, "महाराज, शंभू आमचाबी देव हाये. त्याले काऊन गाळलं?"

मला उत्तर सुचले नाही. येत्या पौर्णिमेला दरेकशाला उतरणार आहे.