बेथेस्डा : दगडखाण, संप आणि पर्यटन

लहानपणी तुमच्यापैकी काहींनी पाटीवर पेन्सिलीने अक्षरे गिरवली असतील. त्या पाटीचा दगड थरांचा असतो. कोट्यवधी वर्षांपूर्वीचा चिखल भूगर्भातील दाबाखाली घट्ट होऊन तो तयार होतो आणि योग्य दिशेने छिन्नी लावली की त्याचे पातळ, सपाट पदर सुटतात. या दगडाला स्लेट म्हणतात. एकोणिसाव्या शतकात ब्रिटनमधील औद्योगिक शहरांची घरे, गिरण्या आणि शाळा यांच्या छपरांवर मोठ्या प्रमाणावर स्लेटच्याच पाट्या बसवल्या गेल्या. त्यांपैकी बराच माल वायव्य वेल्समधील डोंगरांतून येत असे.

या पाठात आपण त्या भागातील बेथेस्डा या छोट्या गावाचा इतिहास पाहणार आहोत. गावाची वस्ती आज सुमारे पाच हजार आहे. एका बाजूला पेनरिन ही प्रचंड दगडखाण आणि दुसऱ्या बाजूला गिर्यारोहकांच्या आवडीची ऑग्वेन दरी, अशी त्याची जागा आहे. अशा गावांचा इतिहास साधारणपणे एका ठरावीक क्रमाने सांगितला जातो: आधी खाण आली, मग खाण बुडाली, मग पर्यटन आले. बेथेस्डाच्या बाबतीत हा क्रम चुकीचा आहे. येथे खाण आणि पर्यटन सुमारे दोनशे वर्षे शेजारी शेजारी नांदत आले आहेत. म्हणून आपला प्रश्न वेगळा असेल. या डोंगराची किंमत आणि त्याचे नियम कोण ठरवत होते, आणि आज कोण ठरवते?

१. डोंगर कोणाचा?

अठराव्या शतकात येथील शेतकरी आणि मजुरांचे छोटे गट जमीनदाराला थोडे भाडे देऊन स्वतःच दगड काढत आणि विकत. रिचर्ड पेनंट (१७३७–१८०८) या जमीनदाराने १७८० च्या दशकात हे भाडेपट्टे मोडीत काढून सर्व उत्खनन आपल्या थेट ताब्यात घेतले. पुढे त्याने समुद्रकिनारी पोर्ट पेनरिन हे बंदर विकसित केले आणि १८०१ मध्ये खाणीपासून बंदरापर्यंत घोड्यांनी ओढायच्या गाड्यांचा लोहमार्ग सुरू केला.

एवढे भांडवल कोठून आले, हा प्रश्न इतिहासाच्या विद्यार्थ्याने विचारलाच पाहिजे. पेनंट कुटुंबाची संपत्ती जमैकातील उसाच्या मळ्यांतून आली होती आणि त्या मळ्यांवर गुलाम राबत होते. रिचर्ड पेनंट लिव्हरपूलचा संसद सदस्य होता. गुलामांच्या व्यापारावर बंदी घालण्यास त्याने संसदेत विरोध केला. ब्रिटनने वसाहतींतील गुलामगिरी रद्द केल्यावर नुकसानभरपाई मिळाली ती मालकांना. पेनंटचा वारस जॉर्ज हे डॉकिन्स-पेनंट याला ७६४ गुलामांच्या मुक्ततेपोटी १४,६८३ पौंड मिळाले. मुक्त झालेल्यांना काहीही मिळाले नाही. याच वारसाने थॉमस हॉपर या वास्तुशास्त्रज्ञाकडून पेनरिनचा भव्य किल्लेवजा वाडा बांधून घेतला. तेव्हा वेल्समधील खाणीचा इतिहास एकट्या वेल्समध्ये पूर्ण होत नाही. त्याचे एक टोक कॅरिबियन समुद्रात आहे.

गावाचे नावही याच काळातले. १८२० मध्ये येथे बेथेस्डा नावाचे प्रार्थनामंदिर उभे राहिले आणि भोवतीच्या वस्तीला तेच नाव चिकटले. लंडनहून आयर्लंडकडे जाणाऱ्या टपालासाठी थॉमस टेलफर्डने बांधलेला रस्ता गावातून जातो. तोच गावाचा मुख्य रस्ता आहे. या रस्त्यावरची दारूची दुकाने एकाच बाजूला आढळतात. दुसऱ्या बाजूची जमीन पेनरिन जहागिरीची होती आणि तेथे दारूच्या दुकानाला परवानगी नव्हती, असे त्याचे कारण सांगितले जाते. मालकीची रेषा अशी रस्त्याच्या मधोमध उमटलेली दिसते.

२. ‘बार्गेन’ म्हणजे काय?

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पेनरिन ही जगातील सर्वांत मोठी स्लेट खाण होती. मुख्य खड्डा सुमारे दीड किलोमीटर लांब आणि सुमारे ३७० मीटर खोल होता. डोंगराला पायऱ्या पाडाव्यात तसे त्याचे टप्पे होते आणि जवळजवळ तीन हजार माणसे तेथे काम करत.

हे कामगार स्वतःला साधे मजूर मानत नसत. तीन-चार जणांची टोळी कड्याचा काही मीटर रुंदीचा पट्टा महिन्याच्या बोलीवर घेई. या पट्ट्याला आणि त्या सौद्यालाही ‘बार्गेन’ म्हणत. दगड चांगला असेल तर मालाचा दर कमी आणि दगड वाईट, भेगाळलेला असेल तर दर जास्त, असा हिशेब खाणीचा अधिकारी आणि टोळी यांच्यात दर महिन्याला घासाघीस करून ठरे. टोळीतले काही जण मांडीला दोर किंवा साखळी गुंडाळून कड्यावर लोंबकळत दगड फोडत. बाकीचे खाली शेडमध्ये बसून तो पातळ चिरत आणि मापात कापत. तयार पाट्यांच्या मापांना ‘डचेस’, ‘काउंटेस’, ‘लेडी’ अशी सरदारघराण्यातील स्त्रियांची नावे होती.

या पद्धतीत शोषण नव्हते असे नाही. अधिकाऱ्याची मर्जी, लाच आणि पक्षपात यांना तिच्यात भरपूर वाव होता. तरीही दगड वाचण्याचे ज्ञान कामगाराकडे आहे आणि म्हणून दर ठरवताना त्याचाही शब्द चालतो, हे तिने मान्य केलेले होते. कामगारांची भाषा वेल्श होती. जेवणाच्या सुट्टीत ते ‘काबान’ नावाच्या खोपटात जमत. तेथे वाचन, वादविवाद आणि गाणे चाले. १८८४ मध्ये बँगोर येथे सुरू झालेल्या महाविद्यालयासाठी खाणकामगारांनी आपल्या कमाईतून वर्गणी दिली होती.

३. तीन वर्षांचा संप

१८७४ मध्ये नॉर्थ वेल्स क्वॉरीमेन्स युनियन ही संघटना स्थापन झाली. त्याच वर्षी झालेल्या करारात पेनरिनच्या कामगारांच्या समितीला मान्यता मिळाली. पुढे जॉर्ज शोल्टो डग्लस-पेनंट याच्याकडे कारभार आल्यावर ही मान्यता काढून घेण्यात आली. आपल्या खाणीत आपण आणि आपले कामगार यांच्यामध्ये तिसरा कोणी नको, अशी त्याची भूमिका होती. १८९६–९७ मध्ये पहिला मोठा संघर्ष झाला. त्यानंतर व्यवस्थापनाने खाणीत संघटनेची वर्गणी गोळा करण्यास बंदी घातली आणि बार्गेनऐवजी काही कामे कंत्राटदारांना दिली. कंत्राटदाराच्या हाताखाली तोच कामगार रोजंदारीवरचा गडी होणार होता.

२२ नोव्हेंबर १९०० रोजी सुमारे २,८०० कामगार हत्यारे घेऊन खाणीतून बाहेर पडले. हा संघर्ष नोव्हेंबर १९०३ पर्यंत चालला. ब्रिटनच्या इतिहासातील सर्वांत दीर्घ औद्योगिक संघर्षांत त्याची गणना होते. गावातील गायनवृंद ब्रिटनभर फिरून मदतनिधी गोळा करत होते. अनेक जण दक्षिण वेल्सच्या कोळसाखाणींकडे निघून गेले. १९०१ च्या जूनमध्ये खाण पुन्हा उघडली तेव्हा काहीशे माणसे कामावर परतली. त्यानंतर घराघरांच्या खिडक्यांत फलक लागले: ‘या घरात गद्दार नाही.’ फलक उतरला की शेजाऱ्यांना काय समजायचे ते समजे. दुकाने, प्रार्थनामंदिरे आणि कुटुंबे दुभंगली. सरकारने गावात सैनिकही पाठवले.

संप फसला. मालकाच्या अटींवर लोक परतले आणि अनेकांना काम परत मिळालेच नाही. दरम्यान बांधकाम मंदावले होते आणि परदेशी स्लेट व मातीची कौले बाजारात शिरली होती. वेल्श स्लेट उद्योगाचा कळस १८९८ च्या सुमारास येऊन गेला होता. त्या वेळी सुमारे १७,००० माणसे या उद्योगात होती. बेथेस्डात १९०४ मध्ये जन्मलेल्या कॅराडॉग प्रिचर्ड या लेखकाचे वडील तो वर्षभराचाही नसताना खाणीतील अपघातात गेले. १९६१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या वेल्श कादंबरीत हेच जखमी गाव दिसते.

आणखी एक जखम डोळ्यांना दिसत नव्हती. दगडाच्या धुळीने फुप्फुसे निकामी होत. खाणीचे डॉक्टर मात्र फार उकळलेल्या चहाला दोष देत. स्लेट कामगारांना या आजाराची भरपाई मिळण्याची सोय करणारा कायदा १९७९ मध्ये झाला. तोपर्यंत कित्येक जण हयात नव्हते.

४. पाहुण्यांची नजर

आता पर्यटनाकडे वळू. खाण ऐन भरात असतानाही लोक ती ‘पाहायला’ येत होते. १८३२ मध्ये राजकन्या व्हिक्टोरियाने खाणीला भेट दिली. पुढे राणी म्हणून १८५९ मध्ये ती वाड्यावर आली. तेथे तिच्यासाठी स्लेटचा सुमारे एक टन वजनाचा पलंग घडवलेला होता. कड्यावर लोंबकळणारी माणसे हा पाहुण्यांसाठी विस्मयाचा देखावा होता. त्या माणसांसाठी तो महिन्याचा सौदा होता.

त्याच काळात ऑग्वेन दरीत निसर्गप्रेमी, भूशास्त्रज्ञ आणि नंतर गिर्यारोहक येऊ लागले. १९५१ मध्ये स्नोडोनिया राष्ट्रीय उद्यान झाले. १९५४ मध्ये दरीतील कुम इदवल हे वेल्समधील पहिले राष्ट्रीय निसर्ग राखीव क्षेत्र ठरले. जवळच्याच डोंगरांत १९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेच्या चमूने सराव केला होता. खाणीच्या ढिगाऱ्यांना मात्र या निसर्गरम्य प्रदेशात जागा नव्हती. ब्लेनाय फेस्टिन्योग या दुसऱ्या स्लेटनगरीच्या भोवती उद्यान पसरले, पण खुद्द ते गाव सीमेबाहेर ठेवण्यात आले. माणसांच्या श्रमाने बदललेला डोंगर ‘सुंदर’ मानायचा की नाही, हा निर्णयही कोणीतरी घेतलेला असतो, हे येथे लक्षात घ्या.

एकविसाव्या शतकात हा निर्णय उलटला. २०१३ मध्ये पेनरिनच्या जुन्या खड्ड्यावरून झिपलाइन सुरू झाली. तारेला लटकलेले पर्यटक ताशी दीडशे किलोमीटरहून अधिक वेगाने पाण्याने भरलेल्या खड्ड्यावरून जातात. जुन्या लोहमार्गाच्या जागी सायकलवाट झाली. २०२१ मध्ये युनेस्कोने वायव्य वेल्सच्या स्लेट भूदृश्याला जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्यात पेनरिन खाण आणि बेथेस्डा यांचा समावेश आहे. शेजारीच खाणीतून दगडही निघतो आहे, मात्र आज फार थोडी माणसे आणि मोठी यंत्रे हे काम करतात.

५. समारोप

पर्यटनामुळे बेथेस्डाला रोजगार मिळाला, हे खरे. पण त्याच्याबरोबर हंगामी नोकऱ्या आल्या आणि प्रदेशात बाहेरच्यांच्या सुट्टीच्या घरांचा प्रश्नही आला. अशा घरांवर ग्विनेद परगण्याने २०२३ पासून स्थानिक कराच्या दीडपट जादा आकारणी सुरू केली. दुसरीकडे, गावकऱ्यांनी सामुदायिक भागभांडवलावर ऑग्वेन नदीवर छोटा जलविद्युत प्रकल्प उभारला. संपाच्या काळातला प्रश्न या दोन्ही गोष्टींत पुन्हा भेटतो. डोंगरातून जे मूल्य निघते, मग तो दगड असो की देखावा, त्याचा दर ठरवताना तेथे राहणाऱ्यांचा शब्द चालतो का?

खड्ड्यावरून जाणाऱ्या पर्यटकाला तो खड्डा निसर्गाची किमया वाटू शकतो. तो माणसांनी हातांनी खोदलेला आहे, दर महिन्याला घासाघीस करून खोदलेला आहे, आणि एकदा तीन वर्षे त्यांनी तो खोदायचे नाकारले होते. एवढे समजून तो पाहता येणे, हा या पाठाचा उद्देश आहे.

विचारासाठी प्रश्न

१. बार्गेन पद्धत आणि कंत्राटी पद्धत यांत कामगाराच्या स्थानात कोणता फरक पडतो?
२. पेनरिन खाणीचा इतिहास जमैकाचा उल्लेख न करता सांगितल्यास काय निसटते?
३. तुमच्या परिसरातील एखादी चालू किंवा बंद दगडखाण पाहा. तेथे काम केलेल्या एखाद्या व्यक्तीशी बोला आणि तेथील दर कोण ठरवत असे, ते दोन परिच्छेदांत लिहा.