लेखणी आणि कोरणी

कचेरीत आयुष्य घालविणाऱ्या वाचकांना सही आणि शिक्का यांतील भेद समजावून सांगण्याचे कारण नाही. सही ही माणसाच्या हाताची खूण. शिक्का ही अधिकाराची. सही लेखणीने होते, शिक्का कोरणीने घडतो. आपल्या इतिहासात हे दोन व्यवसाय शेकडो वर्षे शेजारी नांदले, पण एकमेकांच्या घरात क्वचितच शिरले. लेखकाने लिहावे, कोरणाऱ्याने कोरावे, अशी वाटणी ठरून गेली होती. ही वाटणी मोडून लेखणीच्या व्यवसायाला कोरणीची जोड मिळाली, तेव्हा नुसत्या पोथ्यांची संख्या वाढली असे नव्हे. अक्षराचे रूपच पालटले, आणि कोणती लिपी जगावी व कोणती मागे पडावी याच्या निकालालाही हातभार लागला. मराठीपुरते बोलावयाचे तर या घटनेचा आरंभ इ. स. १८०३ ते १८०६ या चार वर्षांत तीन गावी पाहावयास मिळतो. आणि त्या तिहींपैकी दोन गावे महाराष्ट्राबाहेरची आहेत.

प्रथम थोडे मागे जाऊ. अशोकाच्या चौदाव्या शिलालेखात एक मोठी मनोवेधक कबुली आहे. लेखात कोठे काही अपुरे वा चुकीचे आढळले, तर त्याचे एक कारण लिपिकाराचा प्रमाद असू शकेल, असे तो सम्राट सांगून ठेवतो. कर्नाटकात ब्रह्मगिरी येथील अशोकाच्या लेखाखाली चपड नावाच्या लिपिकाराने आपले नाव घातले आहे, आणि ‘लिपिकाराने’ हा शब्द मात्र वायव्येकडील खरोष्ठी लिपीत लिहिला आहे. दूरच्या मुलखात नेमणूक झालेल्या या कारकुनाने आपल्या ओळखीची एवढीच खूण मागे ठेवली. बदलीच्या गावी राहणाऱ्यांना त्याच्याविषयी विशेष आपुलकी वाटल्यास नवल नाही.

पुढील काळातील ताम्रपटांचीही तीच रीत. दानपत्राचा मजकूर लेखक रचून लिहून देई. तो पत्र्यावर उतरविण्याचे काम सोनार, तांबट वा कांसार करी. पुष्कळ ताम्रपटांच्या शेवटी लिहिणाऱ्याचे व कोरणाऱ्याचे अशी दोन्ही नावे आढळतात. कोरणाऱ्याला अर्थ कळत नसला की काना गळे, अनुस्वार सरके, सारखी दिसणारी अक्षरे एकमेकांच्या जागी बसत. संशोधकांची निम्मी मेहनत अशा जागा दुरुस्त करण्यात जाते. दोन कसबे दोन हातांत राहिली, त्याची ही किंमत होय.

मराठ्यांच्या राज्यात ही वाटणी लिपीपर्यंत जाऊन पोहोचली. राजपत्रे मोडीत लिहिली जात. त्यांवरील मुद्रा व मोर्तब मात्र बाळबोध अक्षरांत असत. यात कारागिरीचे शहाणपण होते. मोडी ही धावत्या लेखणीची लिपी. तिचे सारे सौंदर्य अक्षरामागून अक्षर न थांबता गुंफण्यात आणि वळणाच्या ओघात. कोरणीला ओघ ठाऊक नसतो. तिला प्रत्येक रेघ स्वतंत्रपणे घ्यावी लागते. सुट्या, ठाशीव, शिरोरेषेखाली उभ्या राहणाऱ्या बाळबोध अक्षराशी तिचे सहज जमते. लेखणीची लिपी एक आणि कोरणीची दुसरी, असा हा संसार पुष्कळ काळ सुरळीत चालला.

या जुन्या रीतीचे अखेरचे भव्य स्मारक तंजावरास आहे. दुसरे सरफोजीराजे १७९८ साली गादीवर आले. त्यांच्या आज्ञेने बाबूराव चिटणीसांनी भोसले घराण्याची हकीकत लिहिली आणि १८०३ मध्ये ती बृहदीश्वराच्या मंदिराच्या आवारात भिंतीवर कोरण्यात आली. चिटणीसाच्या लेखणीतून उतरलेली बखर पाषाणावर चढावी, असा योग आपल्या वाङ्मयात विरळा. चोळांच्या तमिळ लेखांच्या सान्निध्यात हा प्रदीर्घ मराठी मजकूर नागरी अक्षरांत उभा आहे. परंतु हा लेख एकच. तो वाचावयाचा तर तंजावरास जावे लागते. अक्षर चिरंजीव झाले, पण प्रवासी झाले नाही.

अक्षराला प्रवासी करण्याची खटपट त्याच सुमारास पुण्याकडे चालली होती. इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट १७८६ साली पेशव्यांच्या दरबारी आला. त्याच्या सहवासात आलेल्या एका तांबटाला तांब्याच्या पत्र्यावर छपाईसाठी नागरी अक्षरे कोरण्याची विद्या साधली. भगवद्गीता अशा रीतीने छापून ब्राह्मणांस वाटावी असा नाना फडणिसांचा मानस होता. पण १७९५ मध्ये सवाई माधवराव वारले, दरबाराची घडी विसकटली आणि ते काम राहून गेले. पुढे मिरजेच्या गंगाधरराव पटवर्धनांनी त्या कारागिराला आश्रय दिला, आणि १८०५ साली मिरजेस ताम्रपटांवरून गीता छापून निघाली.

या कामातील अवघडपणा ध्यानात घ्यावा. भांड्यावर नाव घालणारा तांबट अक्षर सुलटे कोरतो. छपाईच्या पत्र्यावर तेच अक्षर उलटे, आरशात दिसावे तसे कोरावे लागते. काना उजवीकडचा डावीकडे, वेलांटीचा झोक विरुद्ध दिशेला, आणि ओळ उजवीकडून डावीकडे. मग कोरलेल्या चरीत शाई भरावयाची, पत्र्याचे अंग पुसून स्वच्छ करावयाचे आणि ओलसर कागद त्यावर दाबून चरीतील शाई उचलावयाची. मुद्रा कोरणाऱ्यांना उलट्या अक्षराची सवय होती, हे खरे. पण मुद्रेत चार ओळी. येथे अठरा अध्याय. शिवाय एक पत्रा एकाच पानाच्या कामाचा. गीतेचे पत्रे कितीही सुबक असोत, त्यांतून ज्ञानेश्वरीची एक ओवीही छापता येत नव्हती.

तिसरे गाव बंगालमधील श्रीरामपूर. तेथील कथेचा नायक पंचानन कर्मकार. धातूवर नावे व नक्षी कोरणाऱ्या घराण्यात त्याचा जन्म झाल्याचे सांगतात. हालहेडचे बंगाली व्याकरण १७७८ साली हुगळीस छापले गेले, तेव्हा चार्ल्स विल्किन्सच्या हाताखाली तो खिळे घडविण्याची विद्या शिकला. पुढे तो कॅरीच्या मिशनकडे आला. त्याची कोरणी पत्र्यावर चालत नसे. पोलादाच्या कांडीच्या टोकाला एकच अक्षर, उलटे व उठावाचे, कोरावयाचे. तो ठसा तांब्यात ठोकून साचा करावयाचा. साच्यात रस ओतून हवे तितके खिळे पाडावयाचे. पान छापून झाले की खिळे सुटतात आणि दुसऱ्या पानासाठी पुन्हा जुळतात. नागरीत अर्धी अक्षरे, जोडाक्षरे आणि मात्रा-वेलांट्यांसह असे शेकडो ठसे करावे लागत. १८०४ च्या सुमारास पंचानन वारला, पण तोपर्यंत त्याने विद्या इतरांस दिली होती. त्याचा जावई मनोहर याने पुढे कित्येक वर्षे निरनिराळ्या लिप्यांचे खिळे घडविले.

कॅरीचे मराठी व्याकरण १८०५ साली, मिरजेच्या गीतेच्याच वर्षी, श्रीरामपुरास नागरी खिळ्यांत छापले गेले. फोर्ट विल्यम कॉलेजातील मराठीचे पंडित वैजनाथशास्त्री यांचे त्याला साह्य होते. १८१० च्या त्याच्या कोशात तर मराठी शब्द मोडी खिळ्यांत आहेत. व्यवहारात लोक मोडी लिहितात, तेव्हा छापावयाचे तेही मोडीतच, असा त्यामागील सरळ हिशेब होता. मोडी धातूत कोरण्याचे हे साहस एका बंगाली कारागिराच्या घराने केले, हे मराठी माणसाने विसरता कामा नये. इकडे तंजावरासही सरफोजीराजांनी छापखाना उभारला आणि तेथून १८०६ साली ‘बालबोध मुक्तावली’ निघाली. ज्या दरबाराने भिंत कोरविली, त्यानेच तीन वर्षांत खिळ्यांचा अंगीकार केला.

आता तिन्ही ठिकाणांचे फळ पाहू. मिरजेचा कारागीर हस्तकौशल्यात उणा होता असे म्हणवत नाही; त्याच्यामागे धनी होता, पण शागिर्दांची परंपरा उभी राहिली नाही. तंजावरात राजा होता, तोवर छंद होता. श्रीरामपुरास विद्या सासऱ्याकडून जावयाकडे गेली आणि तिला नित्य काम मिळत राहिले. कसब टिकते ते एकट्या आश्रयावर नव्हे; शिकणारा हात आणि रोजचे गिऱ्हाईक ही दोन्ही असावी लागतात. मुंबईत हे दोन्ही जमले. गणपत कृष्णाजींनी १८३१ साली शिळाछापावर पंचांग काढले. शिळाछापात लेखकाच्या हातचे वळणच दगडावर उतरत असल्यामुळे पोथी लिहिणाऱ्याचा धंदा काही काळ उलट वाढला. पुढे जावजी दादाजी हे लहानपणी अमेरिकन मिशनच्या छापखान्यात खिळे घासण्याच्या कामावर राहिले, १८६४ मध्ये त्यांनी खिळ्यांचा कारखाना काढला आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना सुरू केला. राणोजी रावजी आरू या त्यांच्या सहकाऱ्याच्या कोरणीने नागरी अक्षराला जे रेखीव रूप दिले, ते संस्कृत ग्रंथांबरोबर काशीपर्यंत व दक्षिणेत पार खालपर्यंत पोहोचले.

या यशाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. कोरणीने बाळबोध निवडली, आणि मोडी लेखणीपाशीच राहिली. मोडीचे खिळे झाले खरे, पण सुट्या खिळ्यांत तिचा ओघ तुटला आणि शीघ्रता हा तिचा एकमेव फायदा छापखान्यात निरुपयोगी ठरला. मोडी मागे पडण्यास राज्यकर्त्यांचे धोरण व शाळाखात्याची सोय ही कारणेही आहेतच. पण ज्या लिपीची पुस्तके घरोघर गेली तीच मुलांच्या डोळ्यांत ठसली, हे उघड आहे. लेखणी सुटली तेव्हा मोडीला धरून ठेवणारे दुसरे काहीच उरले नाही.

याचा परिणाम तंजावरास जितका स्पष्ट दिसतो, तितका क्वचितच इतरत्र दिसत असेल. बृहदीश्वराच्या भिंतीवरील मजकूर कोणीही मराठी यात्रेकरू अक्षर लावून वाचू शकतो. तेथून जवळच सरस्वती महालात त्याच दरबारच्या कागदांची मोडी दप्तरे बांधून ठेवलेली आहेत. त्यांत राज्याचा खर्च, वैद्यांची औषधे, तंटे, देणग्या, म्हणजे खरा नांदता संसार आहे. ती दप्तरे वाचण्यास मात्र जाणकार शोधावा लागतो. भाषा आपली, माणसे आपली, आणि मध्ये लिपीचा उंबरठा. पुण्याच्या पेशवे दप्तराची गोष्ट याहून निराळी नाही.

म्हणून आमच्या वाचकांस एक विनंती करावीशी वाटते. आपल्यापैकी अनेकांच्या घरी आजोबा-पणजोबांच्या हातचे मोडी कागद माळ्यावरील पेटीत असतील. बदलीच्या धावपळीत ते ओझे म्हणून टाकून देऊ नयेत. कोरलेली अक्षरे आपले रक्षण आपण करतात. लिहिलेल्या अक्षरांचे रक्षण वाचणाऱ्यालाच करावे लागते. मोडी शिकण्यास काही महिन्यांचा सराव पुरतो. घरात एकाने जरी ती शिकून घेतली, तरी त्या पेटीतील माणसे पुन्हा बोलू लागतील.