पंच्याण्णव गुणांच्या आजी

‘आता पुष्कळ बरं आहे’ म्हणजे नेमकं किती बरं? अमेरिकेत बाल्टिमोरच्या माँटेबेलो स्टेट हॉस्पिटलमध्ये १९५५ पासून याचं उत्तर आकड्यात देऊ लागले. डॉ. फ्लॉरेन्स माहोनी आणि फिजिओथेरपिस्ट डोरोथिआ बार्थेल यांनी ती पद्धत १९६५ मध्ये छापली. तोच बार्थेल इंडेक्स. जेवण, अंघोळ, तोंड धुणं-केस विंचरणं, कपडे, शौच आणि लघवीवरचा ताबा, संडासला जाणं, खाटेवरून खुर्चीत बसणं, चालणं, जिना. दहा कामं, शंभर गुण. हात किती उचलला यापेक्षा माणूस स्वतःचं काय काय करतो, हे विचारणारा तक्ता.

मी लोणावळा-कामशेत पट्ट्यात घरोघरी फिजिओथेरपीला जाते. लकवा झालेल्या पेशंटसाठी हाच तक्ता वापरते. पण मूळ सूचना वाचल्या की बाल्टिमोरचं घर दिसतं. जेवणाचे पूर्ण गुण हवेत तर पदार्थ कापता यावा, मीठ-मिरपूड घेता यावी, लोणी लावता यावं. कपड्यांत बुटाच्या नाड्याही आल्या.

माझ्या एका पेशंट आजींना पंच्याण्णव गुण आहेत. जिन्यावर हात धरावा लागतो, म्हणून पाच गेले. जेवतात स्वतः, पण डाव्या हातानं.

“पोरी, डाव्या हातानं घास घेऊन पंगतीला बसू का मी?” त्या विचारतात.

नऊवारीचा कासोटा एका हातानं होत नाही, म्हणून गाऊन. गाऊन स्वतः घालतात, म्हणून गुण पूर्ण. जमिनीवर बसल्या तर उठता येत नाही. तक्त्यात जमीनच नाही.

माझ्या वाटेवर कैवल्यधाम लागतं. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये ते स्थापन केलं आणि आसनं प्रयोगशाळेत तपासली. म्हणजे जमिनीवर बसणारं शरीर मोजायची सवय लोणावळ्याला शंभर वर्षांची आहे.

माहोनी-बार्थेलनी स्वतःच लिहून ठेवलंय: शंभर गुण मिळाले म्हणजे माणूस एकटा राहू शकेल असं नाही. स्वयंपाक, घर सांभाळणं, चारचौघांत वावरणं यात मोजलेलं नाही.

आजींचे पंच्याण्णव मी कमी करत नाही. सुरुवातीला पंचवीस होते, बाकीचे त्यांनी घाम गाळून मिळवलेत. फक्त खाली तीन ओळी वाढवते: मांडी घालून बसून उठणं, उजव्या हातानं भात कालवणं, कासोटा. पुढचे व्यायाम आम्ही त्या तीन ओळींवरून ठरवतो.