तारीख नाही, जागा नाही, तक्रारदार नाही

१८८४ साल. अलाहाबादच्या उच्च न्यायालयात तुम्ही मागच्या बाकावर बसला आहात. समोर खैरातीचा खटला. मुरादाबादला पकडलं तेव्हा खैराती काय करत होती? बायकांचे कपडे घालून एका घरातल्या बायकांत बसून गात होती. एवढंच. १८७१च्या कायद्याने या प्रांतातल्या हिजड्यांची नोंदवही ठेवायला लावली आहे. नोंद झालेलं कुणी बायकी पोशाखात रस्त्यावर दिसलं तर वॉरंटशिवाय अटक होते. पण खैरातीवर लावलंय ते भारतीय दंड संहितेचं ३७७ कलम : ‘निसर्गक्रमाविरुद्ध’ संभोग, शिक्षा जन्मठेपेपर्यंत. सिव्हिल सर्जनने शरीर तपासलं, सेशन कोर्टाने दोषी ठरवलं.

न्यायमूर्ती स्ट्रेट कागद चाळतात. गुन्हा कधी घडला? कुठे? कुणाबरोबर? तिन्ही प्रश्नांना उत्तर नाही. खैराती सुटते. तुम्ही सुटकेचा निःश्वास टाकता न टाकता तोच निकालातला पुढचा भाग कानावर येतो : मुरादाबादच्या अधिकाऱ्यांचा हेतू न्यायमूर्तींना पटलेला आहे. म्हणजे गुन्हा सिद्ध झाला नाही, पण माणूस संशयितच राहिला. या कलमाची खरी ताकद मला इथेच दिसते.

पुढची सव्वाशे वर्षं अशीच जातात. रात्री बागेत बसलेल्या दोघा पुरुषांजवळ कुणीतरी येतं, ‘घरी कळवू का?’ म्हणतं आणि पाकीट रिकामं होतं. कोर्टापर्यंत काहीच जात नाही.

१६ ऑगस्ट २००८. आता तुम्ही मुंबईत, ऑगस्ट क्रांती मैदानावर आहात. १९४२ साली ‘छोडो भारत’ची हाक इथूनच गेली. आज इंग्रज गेले, त्यांचं कलम राहिलं, असं सांगणारी माणसं इथे जमली आहेत. मोर्चा गिरगाव चौपाटीकडे निघतो. तुमच्या शेजारच्याच्या चेहऱ्यावर रंगीत मुखवटा आहे. घोषणा तो सगळ्यांपेक्षा मोठ्याने देतोय, पण कॅमेरा वळला की मान खाली घालतो. संध्याकाळी त्याला घरी जायचंय. इंग्लंडने या कायद्याबद्दल माफी मागावी, ही इथली एक मागणी.

२ जुलै २००९ला दिल्ली उच्च न्यायालयात मूळचे सोलापूरचे अजित प्रकाश शहा आणि एस. मुरलीधर हे न्यायमूर्ती संमतीच्या प्रौढ संबंधांतून हे कलम काढून घेतात. ११ डिसेंबर २०१३ला सर्वोच्च न्यायालय ते परत आणतं. निकालातला एक हिशेब ऐका : दीडशे वर्षांत या कलमाखाली दोनशेहूनही कमी लोकांवर खटले चालले. न्यायमूर्तींनी तो आकडा कलमाच्या बाजूने मोजला. मुखवट्यातल्या त्या मुलाला त्यांनी कुठल्या रकान्यात धरलं? बागेतल्या त्या दोघांना? हा निकाल चुकीचा होता, आणि त्याची किंमत लोकांनी पुढची पावणेपाच वर्षं मोजली.

६ सप्टेंबर २०१८. दिल्लीत, सर्वोच्च न्यायालयाच्या आवारात तुम्ही गर्दीत चेंगरता आहात. संमतीच्या प्रौढ संबंधांतून हे कलम पुन्हा काढून घ्यायचं, यावर पाचही न्यायमूर्तींचं एकमत झालंय. त्यांत दोघे मराठी, अजय खानविलकर आणि धनंजय चंद्रचूड. अनोळखी माणसं गळ्यात पडून रडताहेत. पाचांतल्याच एक, इंदू मल्होत्रा निकालात लिहितात की एलजीबीटी समाजातल्या लोकांची आणि त्यांच्या कुटुंबीयांची इतिहासाने माफी मागायला हवी. एप्रिलमध्येच लंडनला तेव्हाच्या ब्रिटिश पंतप्रधान थेरेसा मे यांनी अशा कायद्यांबद्दल खेद व्यक्त केला होता. माफी हा शब्द मात्र दिल्लीत लिहिला गेला. आणि इथे मुखवटे दिसत नाहीत.

आता आपल्या काळात या. १७ ऑक्टोबर २०२३ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की लग्न हा मूलभूत हक्क नाही. समलिंगी जोडप्यांचं काय करायचं ते संसदेने ठरवावं. म्हणून आज दोन बायका एका घरात बेधडक राहू शकतात, पण १९५४च्या विशेष विवाह कायद्याखाली त्यांच्या लग्नाची नोंद होत नाही.